वाकलेल्या रेघा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. मलकापूर घाटाखाली, नळगंगेच्या काठी वसले आहे. येथून मुंबई रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. समुद्र हा येथील बहुतेकांनी मुंबईच्या चौपाटीवर उभे राहून पाहिलेला असतो, तेवढाच. जिल्ह्यातले जगप्रसिद्ध पाणी म्हणजे लोणारचे सरोवर. उल्कापाताने झालेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरातले ते पाणी इतके क्षारयुक्त की त्यात मासा जगत नाही. 2020 साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लोक काठावर उभे राहून ते डोळे भरून पाहतात आणि परततात. अशा जिल्ह्यातल्या एका दाल मिलवाल्या गृहस्थाने पंचावन्नाव्या वर्षी समुद्राच्या पोटात शिरण्याचा छंद धरावा, याचे गावाला नवल वाटले तर त्यात नवल नाही.

गाव त्यांना काकाजी म्हणते. लहानपणी ते मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला वाळलेला भोपळा बांधून वडीलधाऱ्यांनी आत ढकलायचे आणि हात-पाय मारून पायरी गाठायची, ही त्या काळची पद्धत. विहीर पस्तीस फुटांची. मुले तळाची माती मुठीत घेऊन वर येत व ती दाखवून पैज जिंकत. पुढे अडत, मिल, मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न यांत पोहणे सुटले. पंचावन्नाव्या वर्षी कुटुंबासह मालवणला गेले असता मुलाने आग्रहाने त्यांना तारकर्लीच्या पाण्यात उतरवले, आणि तळाची माती मुठीत धरणारा तो मुलगा चाळीस वर्षांनी पुन्हा जागा झाला.

फ्रान्सच्या जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 साली पाठीवरच्या नळकांड्यातली हवा पाण्याच्या दाबाप्रमाणे आपोआप पुरवणारे उपकरण सिद्ध केले. त्यामुळे पाण्याखाली श्वास घेणे सामान्य माणसालाही शक्य झाले. हीच स्कुबा पद्धत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला तिचे प्रशिक्षण केंद्र उभारले आहे. काकाजींनी रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केला. अठरा मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट खोल जाण्याचा परवाना मिळाला. त्यानंतर दरवर्षी दिवाळीची गडबड उरकली की चार दिवस मालवण, हा नेम ठरून गेला. 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झालेला तो परिसर, समोर 1664 मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आणि त्याच्या आसपासच्या खडकांवरचे प्रवाळ. काही तोडायचे नाही, कशाला हात लावायचा नाही, तेथून काही आणायचे नाही, हे प्रशिक्षक प्रत्येक नवशिक्याला बजावून सांगत. काकाजींना ते शिकवावे लागले नाही. पाणी गाळून पिणाऱ्या घरात ते वाढले होते. ज्या घरात मासा कधी ताटात आला नाही, त्या घरातल्या माणसाने त्याला त्याच्याच घरी जाऊन पाहावे, यात त्यांना एक वेगळाच आनंद वाटे.

सात वर्षे हा नेम चालला. मग एका जानेवारीत डाव्या डोळ्यापुढे काळ्या माश्या उडू लागल्या.

ते दिवस तुरीच्या आवकेचे होते. पहाटेपासून बाजार समितीत हर्रास, दुपारी वजनकाटा, रात्री हिशेब. माश्यांपाठोपाठ डोळ्याच्या कडेला विजेसारखी चमक दिसू लागली. थकवा असेल, असे काकाजींनी ठरवले. चार दिवसांनी नाकाच्या बाजूने एक काळसर पडदा वर सरकू लागला. तरीही त्यांनी कोणास काही सांगितले नाही. मोठा सौदा हातात होता. दहाव्या दिवशी रोकड वहीतले आकडे डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारली.

जळगावच्या नेत्रशल्यविशारदांनी तपासून सांगितले की डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, निसटला आहे. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा असणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. आधी पडद्याला छिद्र पडते, त्यातून आतला द्रव पडद्यामागे झिरपतो आणि भिंतीवरचा रंग पोपडा धरून सुटावा तसा पडदा सुटत जातो. मध्यबिंदू सुटण्याआधी माणूस आला, तर दृष्टी बहुतांशी वाचते. काकाजींचा मध्यबिंदू सुटला होता. डॉक्टरांनी विचारले, “पहिली चमक कधी दिसली?” काकाजींनी दहा दिवसांचा हिशेब सांगितला. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ व्यापाऱ्याला समजला.

शस्त्रक्रियेत डोळ्यातला पारदर्शक गर काढून त्या जागी वायू भरण्यात आला. त्या वायूच्या बुडबुड्याने पडदा आतून दाबून धरायचा आणि तो भिंतीला पुन्हा चिकटेपर्यंत रुग्णाने सांगितल्या स्थितीत डोके ठेवायचे. काकाजींच्या वाट्याला पालथे राहणे आले. आयुष्यभर गादीवर ताठ बसून भाव बोललेला माणूस दहा दिवस मान खाली घालून पडून होता. मुलगा शेजारी बसून तुरीचे भाव वाचून दाखवी. तिसऱ्या दिवसानंतर काकाजींनीच ते बंद करायला सांगितले.

वायूच्या संदर्भात डॉक्टरांनी एक ताकीद दिली होती. वायू पूर्ण जिरेपर्यंत विमानप्रवास नाही, घाट चढायचा नाही, आणि अन्य कोणत्याही शस्त्रक्रियेची वेळ आल्यास भूल देणाऱ्यास डोळ्यातल्या वायूची आधी कल्पना द्यायची. कारण शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमात आहे. बाहेरचा दाब कमी झाला की वायू पसरतो. मलकापूर ते बुलढाणा ही चढण सुमारे चारशे मीटरची. राजूर घाट चढून वर पोहोचेपर्यंत हवेचा दाब शेकडा चार-पाच टक्क्यांनी उतरतो. निरोगी माणसाला कानात थोडे दडे बसण्यापलीकडे काही जाणवत नाही. परंतु बंद डोळ्यात वायू पसरायला जागा शोधू लागला की आतला दाब वाढतो आणि उरलीसुरली दृष्टीही जाऊ शकते. जळगाव ते मलकापूर हा तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट रस्ता, म्हणून घरी येता आले.

नेमके त्याच महिन्यात बुलढाण्याला राहणाऱ्या मुलीच्या पहिल्या बाळाचे बारसे होते. नातलग म्हणाले, अर्ध्या-पाऊण तासाचा तर घाट, सावकाश गाडी चालवू. काकाजी गेले नाहीत. काकीजी एकट्या गेल्या. भरलेल्या घरात आजोबांची जागा रिकामी राहिली, याचे शल्य त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवले नाही. त्यांच्या डोळ्यात भरलेला वायू दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारचा होता; तो जिरायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्यात मुलगीच बाळाला घेऊन घाट उतरली. काकाजींनी नातवाला मांडीवर घेतले, तेव्हा डाव्या डोळ्यातला बुडबुडा मण्याएवढा उरला होता आणि नजरेच्या खालच्या काठाशी डुलत होता.

पडदा चिकटला. दृष्टी मात्र अर्धीच परतली. शिवाय एक विचित्र गोष्ट घडली. डाव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसू लागली. दाराची चौकट मधे आत ओढल्यासारखी, वहीच्या रेघा लाटांसारख्या. सुटलेला मध्यबिंदू पुन्हा बसताना किंचित सुरकुती राहिली की असे होते, आणि ते बहुधा पूर्णपणे जात नाही. ज्याचे आयुष्य वहीच्या सरळ रेघांवर गेले, त्याला ही शिक्षा मोठी वाटली. पाण्याखाली जाण्याचा विषय घरात कोणी काढत नव्हते. काकाजीही काढत नव्हते. परंतु कपाटातला मुखवटा ते अधूनमधून पुसून ठेवीत.

पडद्याच्या अशा शस्त्रक्रियेनंतर उतारवयात बहुतेकांना एक-दोन वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू होतो. काकाजींनाही झाला. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज शल्यविशारदाने 1949 साली लंडनमध्ये माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे प्लास्टिकचे तुकडे घुसूनही डोळा ते सहन करतो, या निरीक्षणातून त्याला ही कल्पना सुचली. एकाच्या आपत्तीतून निघालेले ते ज्ञान आज खेड्यापाड्यांतल्या लक्षावधी वृद्धांना वाचायला लावते. काकाजींच्या डाव्या डोळ्यात असे भिंग ऑगस्टमध्ये बसले, उजव्यात नोव्हेंबरमध्ये. पन्नास वर्षांचा जाड चष्मा उतरला. उजव्या डोळ्याला तर जग धुतल्यासारखे दिसू लागले.

नोव्हेंबरच्या अखेरीस तपासणीस गेले असता काकाजींनी डॉक्टरांना विचारले, “आता पोहायला हरकत नाही ना?” डॉक्टर म्हणाले, “जानेवारीपासून खुशाल पोहा.” काकाजी आनंदाने घरी आले आणि मुलाला मालवणची खोली राखून ठेवण्यास सांगितले.

जानेवारीत पुतण्या व मुलगा यांच्यासह ते मालवणला पोहोचले. नाव तयार होती. नावेत बसण्यापूर्वी प्रत्येकाने एक वैद्यकीय प्रश्नावली भरून द्यायची असते. जगभर डायव्हिंगच्या केंद्रांत ही पद्धत आहे. त्यात एक प्रश्न असा होता : गेल्या तीन महिन्यांत डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय? उजव्या डोळ्याला त्या दिवशी नऊ आठवडे झाले होते.

पुतण्या हळूच म्हणाला, “काकाजी, चार आठवड्यांचा तर प्रश्न. मोतीबिंदू तो काय, हल्ली पंधरा मिनिटांत होतो. ‘नाही’ लिहा. कोण विचारायला येतंय?”

काकाजींची लेखणी थांबली. कोणी विचारायला येणार नव्हते, हे खरे. परंतु बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याला दरमहा द्यायच्या मालसाठ्याच्या पत्रकात त्यांनी तीस वर्षे गोदामात जितकी पोती तितकीच लिहिली होती. अधिकारी तपासायला येवो अथवा न येवो. वडिलांचा सांगावा असा होता की खोटी नोंद ही आपल्यापुरती कधीच राहत नाही. तिच्यावर विसंबून दुसरा कोणी पुढचे पाऊल टाकत असतो. येथे तो दुसरा कोणी म्हणजे पंचविशीतला एक प्रशिक्षक होता. खाली काही घडले असते, तर या कागदावर विश्वास ठेवूनच तो त्यांच्यासोबत उतरला असता आणि जबाबही त्यालाच द्यावा लागला असता.

त्यांनी “होय” लिहिले. प्रशिक्षकाने कागद वाचला आणि नम्रपणे सांगितले, “काकाजी, डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय आज तुम्हाला नेता येणार नाही.” पुतण्याचा चेहरा उतरला. मुलगा म्हणाला, “बाबूजी, मग आम्हीही जात नाही.” काकाजींनी दोघांना हट्टाने पाठवले आणि स्वतः किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसून राहिले.

तेथे बसल्या बसल्या त्यांना आपली खरी चूक दिसली. डॉक्टरांना त्यांनी “पोहू का?” असे विचारले होते. “साठ फूट पाण्याखाली जाऊ का?” असे विचारले नव्हते. होकार मिळेल असाच प्रश्न त्यांनी निवडला होता. कागदावर खोटे लिहिले नाही, याचे समाधान मानण्याआधी दवाखान्यात अर्धे खरे बोललो, याची नोंद घेणे भाग होते. तुरीच्या हंगामात दहा दिवस जे केले, तेही याच जातीचे होते. तेव्हा डोळ्याला विचारायचे टाळले, आता डॉक्टरांना.

परतताना ते थेट जळगावला उतरले आणि सर्व हकिकत सांगितली. डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांनी समजावले ते असे. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो, तो दहा मीटर खोलीवर दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट होतो. डोळा द्रवाने भरलेला असतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून निरोगी डोळ्याला खोलीचे भय नाही. परंतु डोळ्यात वायूचा लहानसा बुडबुडा जरी असेल, तर खाली जाताना तो आक्रसतो, वर येताना पसरतो. अशा डोळ्याने पाण्याखाली जाणे म्हणजे तो गमावणेच. दुसरी पोकळी मुखवट्यातली. तीत नाकावाटे हवा सोडून दाब सारखा न केल्यास मुखवटा गोचिडीसारखा चेहरा ओढतो आणि डोळ्यात रक्त उतरते. नुकती भरलेली जखम असल्यास तीही उसवू शकते. म्हणून थांबण्याचा काळ शस्त्रक्रियेच्या प्रकाराप्रमाणे ठरतो, रुग्णाच्या सुट्टीप्रमाणे नाही. त्यांनी दोन्ही पडदे बाहुल्या मोठ्या करून कडेपर्यंत तपासले. उजव्या डोळ्यात एक जागा पातळ दिसली. तिच्याभोवती लेसरने कुंपण घातले. “सहा महिन्यांनी पुन्हा या. मग लिहून देईन, किंवा नाही असे सांगेन,” ते म्हणाले.

पुढे पावसाळा आला. पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळतो आणि पाण्याखालचे सर्व व्यवहार बंद राहतात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घराला ते वेगळे सांगावे लागले नाही.

दिवाळीपूर्वी डॉक्टरांनी संमतिपत्र लिहून दिले, त्यात अटीही होत्या. नळकांडी स्वतः उचलायची नाहीत. नावेवरून उडी न मारता शिडीने उतरायचे. सर्दी असल्यास जायचे नाही. चमक, माश्या किंवा पडदा दिसला तर तत्काळ वर येऊन थेट दवाखाना गाठायचा. काकाजींनी तो कागद घरी येऊन आधी काकीजींच्या हातात दिला.

काकीजींनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, “अहो, डोळे काही तुमच्या एकट्याचे नाहीत. दहा दिवस तुम्ही गप्प राहिलात, त्याचं व्याज या घरानं तीन वर्षं भरलं.”

काकाजींजवळ उत्तर नव्हते. ते म्हणाले, “तुम्ही नको म्हणालात तर मुखवटा उद्या कोणाला तरी देऊन टाकतो.”

काकीजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी सोबत येईन. आणि आपल्या मळ्यातल्या विहिरीपेक्षा खोल जायचं नाही.”

पस्तीस फूट. परवाना साठ फुटांचा असला, तरी काकाजींनी ती मर्यादा मान्य केली आणि प्रशिक्षकाला तसे सांगितले.

डिसेंबरातली ती सकाळ शांत होती. काकीजी नावेत घड्याळ घेऊन बसल्या. काकाजी शिडीने एकेक पायरी उतरले. मुखवट्यात पाण्याचे पहिले हिरवे जग आले, कानांत दडे बसले, ते त्यांनी नाक दाबून सोडवले, मुखवट्यात नाकातून थोडी हवा सोडली. नांगराच्या दोराला धरून ते खाली जाऊ लागले. तो दोर उजव्या डोळ्याला सरळ होता, डाव्याला वाकडा. क्षणभर पूर्वीची खंत मनात उसळली.

तळाशी पोहोचल्यावर मात्र दोर मागे राहिला. पुढे खडक, प्रवाळांचे उंचवटे, लाटेबरोबर झुलणारे समुद्रफूल, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा. एका कपारीतून तोंड उघडझाप करीत पाहणारा सापासारखा वाम मासा. काकाजींनी डावा डोळा मिटला, मग उजवा मिटला. डाव्याला सारे धूसर होते, पण वाकडे काही वाटत नव्हते. कारण तेथे सरळ असे काही नव्हतेच. चौकट नव्हती, वहीची रेघ नव्हती, भिंत नव्हती. जी दृष्टी घरात उणी ठरत होती, ती येथे उणी ठरवायला मापच नव्हते. मालवणचे पाणी काही आरस्पानी नसते. पाच-सहा मीटरपलीकडचे तिथे निरोगी डोळ्यालाही दिसत नाही. जवळचे जेवढे दिसते, तेवढे नीट पाहावे, इतकेच तेथे माणसाच्या हाती असते.

प्रशिक्षकाने खोलीमापक दाखवला. नऊ मीटर. विहिरीच्या आतच होते. बावीस मिनिटांनी दोघे सावकाश वर आले.

काकीजींनी आधी त्यांचे दोन्ही डोळे निरखले, मग विचारले, “काय दिसलं?”

“बरंच,” काकाजी म्हणाले. “आणि मूठ रिकामी आणली आहे. या वेळी पैज नव्हती.”

त्यानंतर ते आणखी एकदा जाऊन आले आहेत. तेही पस्तीस फुटांच्या आतच. परंतु या हकिकतीचा खरा जमाखर्च समुद्रात झालेला नाही. गेल्या हंगामात तुरीच्या हर्राशीत शेजारच्या गादीचे एक तरुण अडते डोळे चोळत म्हणाले, “कालपासून डोळ्यापुढे माश्या उडतायत. हंगाम झाला की दाखवीन.” काकाजींनी विचारले, “चमकही दिसते का?” ते म्हणाले, “हो, कडेला.” काकाजींनी बोली अर्धवट सोडली, आपल्या मुलाला गाडी काढायला लावली आणि त्यांना त्याच तासाला जळगावला रवाना केले. ते चिडले, गादीवर माणूस नाही म्हणाले. काकाजी म्हणाले, “तुमच्या गादीवर मी बसतो.”

पडद्याला छिद्र पडले होते. पडदा अजून जागेवर होता. लेसरने ते बुजवायला अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले, तेव्हा काकाजी त्यांच्या गादीवर बसून त्यांचीच रोकड वही लिहीत होते. उजवा डोळा वहीजवळ नेऊन, प्रत्येक आकडा रेघेवर सरळ बसवत.